शनीचा अर्धा काळा, अर्धा पांढरा चंद्र: आयापेटस, सोलापूरच्या गच्चीवरून

गच्चीवरची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. शनीला खूप चंद्र आहेत हे आपण ऐकून असतो, आणि दुर्बिणीतून टायटन दाखवला की पाहणारा खूश होतो. मला मात्र गेल्या थंडीपासून एकाच चंद्राने धरून ठेवलंय. त्याचं नाव आयापेटस. काही जण इयापेटस म्हणतात.

१६७१ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या वेधशाळेतून जिओव्हानी डोमेनिको कॅसिनीला शनीच्या पश्चिमेला एक नवा ठिपका दिसला. शनीभोवती फिरतोय म्हणजे काही आठवड्यांनी तो पूर्वेला यायला हवा. कॅसिनीने पूर्वेला शोधलं, तर ठिपका नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. पश्चिमेला आला की दिसायचा, पूर्वेला गेला की गायब. दुसऱ्या कुणी दुर्बिणीला किंवा हवेला दोष दिला असता. कॅसिनीने त्या न दिसण्याचाच अर्थ लावला: आपला चंद्र जसा पृथ्वीला कायम एकच तोंड दाखवतो तसा हा शनीला दाखवत असणार, आणि याची एक बाजू काळी असणार. पूर्वेचा आयापेटस त्याला अखेर १७०५ साली, जास्त चांगल्या दुर्बिणीतून दिसला. तेव्हा तो ऐंशी वर्षांचा होता. मधे जवळपास चौतीस वर्षं गेली! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून होते.

मग ठरवलं की आपणही हे करून बघायचं. माझ्याकडे आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण आहे. घर सात रस्त्याजवळ, म्हणजे आकाशात उजेडच उजेड. पावसाळा सरल्यावर स्टेलेरियममध्ये, म्हणजे आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये, जागा काढली आणि गच्चीवर बसले. आयापेटस शनीपासून खूप लांब फिरतो, सुमारे ३५ लाख ६० हजार किलोमीटरवर. दुर्बिणीत तो शनीच्या शेजारी नसतोच. कड्यांच्या रुंदीच्या बारा-तेरा पट बाजूला सरकून बघावं लागतं, आणि तिथे त्याला साध्या ताऱ्यापासून वेगळं ओळखायचं असतं. पहिल्या रात्री मी चक्क चुकीचा तारा आयापेटस समजून वहीत काढला. दुसऱ्या रात्री शनी सरकला, तो तारा जागीच राहिला, तेव्हा चूक कळली. तिसऱ्या रात्री खरा सापडला. पश्चिमेला, दहाव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका ठिपका अंधुक), गच्चीवरून अगदी आरामात.

शनीभोवती एक फेरी मारायला त्याला ७९ दिवस लागतात. म्हणून चाळीस दिवस थांबले. तोवर तो पूर्वेला गेला होता. त्याच गच्चीवर, त्याच दुर्बिणीतून, चार रात्री शोधला. नाही दिसला. नकाशावर जागा पक्की होती आणि त्या जागी काही नव्हतं. इतका आनंद मला एखादी गोष्ट दिसल्यावरसुद्धा झाला नव्हता.

पाचव्या रात्री दुर्बीण गाडीत घालून नान्नजच्या बाजूला मामाच्या शेतावर गेले. तिथे रात्रीची लाईट असते म्हणून मामा मोटार चालू करून पाण्यावर बसला होता. अंधार इतका की आपलाच हात दिसेना. अर्धा तास डोळे सरावू दिले, मग बारीक, जेमतेम असा ठिपका लागला. मामाला बोलावलं. त्याने डोळा लावला, बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "हाय की गं. पर नीट त्याच्याकडं बघितलं की जातोय, जरा बाजूला बघितलं की येतोय." अंधुक वस्तू अशाच तिरक्या नजरेनं दिसतात हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

पश्चिमेला १०.२ च्या आसपास प्रत, पूर्वेला १२ च्या जवळ. उजेडात सुमारे पाच पट फरक. एकच चंद्र, एकच दुर्बीण.

आता तुम्ही बोला. हा असा का झाला असेल यावर पुढे लिहिते, पण इथे जाणकार आहेत, त्यांचं आधी ऐकायला आवडेल.

होटगीकर

वा, सुंदर धागा! मामा तर ग्रेटच. वाचताना नान्नजच्या माळावरची थंडी आठवली.

एक शंका. पश्चिमेला असला की पांढरी बाजू आणि पूर्वेला काळी, हे कसं? तो शनीला एकच तोंड दाखवतो हे समजलं, पण आपल्याला वेगवेगळी बाजू का दिसते?

बाईंचा वर्ग

होटगीकर, हाच प्रश्न माझ्या सातवीच्या वर्गात आला होता, म्हणून उत्तर तयार आहे. मधे एक मुलगी शनी म्हणून उभी केली. दुसरीला तिच्याभोवती फिरायला सांगितलं, अट एकच, डावा खांदा कायम शनीकडे. म्हणजे तिचं तोंड नेहमी चालण्याच्या दिशेला राहिलं. बाकीचा वर्ग पृथ्वी म्हणून लांब भिंतीशी. ती एका बाजूने वर्गाकडे येताना सगळ्यांना तिचा चेहरा दिसला, दुसऱ्या बाजूने लांब जाताना वेणी दिसली. आयापेटसचं तोंड काळं आणि पाठ पांढरी. पूर्वेला तो आपल्याकडे येत असतो, पश्चिमेला आपल्यापासून लांब जात असतो. मुलींना हे दोन मिनिटांत कळलं. फळ्यावर आकृती काढून मला तासभर लागला असता.

भूशास्त्रवेडा

फार छान समजावलंत बाई. म्हणजे काळं झालंय ते फिरण्याच्या दिशेचं तोंड. इथेच पहिला धागादोरा आहे. चालत्या गाडीच्या पुढच्या काचेवर धूळ बसते तसं.

ही धूळ कुठली? शनीचा एक बराच लांबचा चंद्र आहे, फीबी. तो उलट दिशेने फिरतो. त्याच्यावर उल्का आदळून उडालेली धूळ शनीभोवती प्रचंड मोठ्या, विरळ कड्याच्या रूपात पसरली आहे. साध्या उजेडात हे कडं दिसत नाही. २००९ साली स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीला ते सापडलं. सूर्यप्रकाशामुळे ही धूळ हळूहळू आत सरकते, आणि आत येताना वाटेत आधी आयापेटस लागतो. धूळ उलटी फिरतेय, आयापेटस सुलटा, म्हणजे टक्कर समोरासमोर. एकेरी रस्त्यावर समोरून आलेल्या ट्रकची धूळ जशी थेट तोंडावर येते, तशी. फीबीच्या धुळीचा अंदाज शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकातच बांधला होता. कडं सापडायला पस्तीसेक वर्षं गेली.

उत्तर कसबा

धूळ बसली आणि काळा झाला, संपलं? मग एवढा गाजावाजा कशाला, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. शिवाय फोटो बघितले. नुसती धूळ बसली असती तर मधून कडेकडे हळूहळू फिकट होत गेली असती ना? इथे तर काळ्या-पांढऱ्याची सीमा कापल्यासारखी आहे. आणि ध्रुव पांढरेच राहिलेत.

गच्चीवरची

उत्तर कसबा, तुमच्या शंकेने मला अगदी योग्य जागी आणून सोडलं. धुळीने फक्त सुरुवात केली. पुढचं काम उन्हाने केलं. उन्हाबद्दल सोलापूरकरांना वेगळं काय सांगायचं?

आमच्याकडे दर वर्षी मार्चअखेर गच्चीला चुना मारतात. एके वर्षी कोपऱ्यातला चुना निघून खालचा काळपट कोबा उघडा पडला होता. मे महिन्यात दुपारी कपडे काढायला अनवाणी गेले. चुन्यावर पाय टिकत होता, त्या कोपऱ्यात पडल्याबरोबर चटका बसला. ऊन तेच, फरक रंगाचा.

आयापेटसवर नेमकं हे होतं, पण महिनोन्‌महिने. तो शनीला एकच तोंड दाखवतो म्हणजे स्वतःभोवतीची फेरीही ७९ दिवसांची. तिथला दिवस आपल्या जवळपास चाळीस दिवसांचा. म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत संक्रांतीला उगवलेला सूर्य महाशिवरात्रीच्या सुमारास मावळणार! इतका वेळ ऊन खाल्ल्यावर काळा भाग उणे १४५ अंशांच्या आसपास पोचतो, पांढरा उणे १६० च्या आसपास राहतो. आपल्याला दोन्ही आकडे सारखेच गार वाटतील. पण बर्फाला त्या पंधरा अंशांनी खूप फरक पडतो. काळ्या भागातला बर्फ न वितळता थेट वाफ होऊन उडतो आणि गार जागी, म्हणजे पांढऱ्या भागावर आणि ध्रुवांवर, जाऊन पुन्हा गोठतो. बर्फ गेला की त्यात मिसळलेली काळी माती मागे राहते. मग तो भाग आणखी काळा, म्हणून आणखी गरम, म्हणून आणखी बर्फ जातो. तिकडे पांढरा आणखी पांढरा होत राहतो.

शंभर कोटी वर्षांत काळ्या भागातून सुमारे २० मीटर बर्फ उडेल, पांढऱ्यातून जेमतेम १० सेंटिमीटर, असं गणित आहे. २०१० साली हे सविस्तर मांडलं गेलं. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की सुरुवातीचा फरक अगदी थोडा असला तरी चालतो.

मागवाला

पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या. आमच्या घरी तीन पिढ्या माग आहेत, पूर्व भागात. घरात तेलुगू, बाहेर मराठी. ताईंचा लेख बायकोने वाचून दाखवला, मग मी कॅसिनी यानाचे, म्हणजे त्याच कॅसिनीचं नाव दिलेल्या, शनीकडे पाठवलेल्या यानाचे फोटो मोठे करून बघितले.

उत्तर कसबा म्हणतात ती सीमा मी अगदी जवळून पाहिली. लांबून काही ठिकाणी करडा रंग वाटतो. मोठं केलं की करडं काहीच नाही. एक तर काळा डाग, नाही तर पांढरा. छोटे छोटे डाग एकमेकांत घुसलेले. आमच्या जकार्डवर, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी नक्षी विणणाऱ्या मागावर, असंच असतं. पुठ्ठ्याला भोक आहे किंवा नाही, धागा वर किंवा खाली. मधलं काही नसतं. चादरीत तुम्हाला जो मधला रंग दिसतो तो डोळ्याने लांबून केलेला असतो. हे बघून मी सकाळपासून हाच विचार करतोय की ऊन पण पुठ्ठ्यासारखंच काम करतंय. त्या जागेचा बर्फ जाईल किंवा राहील.

आणि एक. आपल्या सोलापुरी चादरीला उलटी बाजू म्हणून नसतेच. एका बाजूला जिथे गडद, दुसऱ्या बाजूला तिथेच फिका, कारण जो धागा इकडून खाली गेला तो तिकडे वर आला. धागा कुठे हरवत नाही. ताईंच्या चंद्रावर पण काळ्यातून गेलेला बर्फ पांढऱ्यावर जाऊन बसतोय. मला हा हिशोब फार आवडला.

भूशास्त्रवेडा

मागवाला, तुमच्या निरीक्षणाला मनापासून दाद. तुम्ही पाहिलंत तेच शास्त्रज्ञांनीही नोंदवलंय, तिथे करडा भाग जवळजवळ नाही. विवरांमध्ये तर आणखी स्पष्ट दिसतं. सीमेजवळच्या विवरांत विषुववृत्ताकडे तोंड केलेले उतार काळे आणि ध्रुवाकडे तोंड केलेले पांढरे. ज्या उताराला ऊन जास्त तो काळा. नुसत्या धुळीने असं होणं शक्यच नाही.

काळा थर फार जाडही नाही. लहानशी उल्का पडली तरी खालचा पांढरा बर्फ उघडा पडतो, यावरून तो फूट-दोन फुटांच्या घरातला असावा. आतून हा चंद्र मुख्यतः बर्फाचाच. घनता पाण्यापेक्षा किंचितच जास्त, १.०९. व्यास जवळपास १,४७० किलोमीटर.

ताईंच्या चुन्याच्या उदाहरणात एक भर घालतो. गच्चीवरचा कोबा तापला म्हणून शेजाऱ्याच्या गच्चीवर चुना चढत नाही. आयापेटसवर चढतो. म्हणून तिथे गोष्ट थांबत नाही, वाढत जाते.

परदेशी सोलापूरकर

शेंगाची चटणी संपल्याच्या दुःखात होतो, हा धागा वाचून घरी आल्यासारखं वाटलं.

पण अजून कुणी त्या डोंगररांगेबद्दल कसं नाही बोललं? माझ्यासाठी आयापेटस म्हणजे ती रांग. २००४ च्या शेवटच्या दिवशी कॅसिनी यानाने काढलेले फोटो आले तेव्हा मी कॉलेजात होतो. बरोबर विषुववृत्तावरून जाणारी डोंगरांची सरळ रेघ, अक्रोडाच्या दोन वाट्यांच्या सांध्यासारखी. लांबी १,३०० किलोमीटर, रुंदी २० आणि उंची काही ठिकाणी १३ किलोमीटरहूनही जास्त. कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे आठ कळसूबाई एकावर एक! आणि सोलापूरहून सरळ रेषेत दिल्ली गाठून थोडं पुढे जाईल इतकी लांब. तीही एवढ्याशा चंद्रावर.

मग १० सप्टेंबर २००७ ला यान आयापेटसच्या अगदी जवळून, सुमारे १,६०० किलोमीटरवरून गेलं. फोटो पृथ्वीकडे यायला लागले आणि मधेच एक वैश्विक किरण यानावर आदळून ते सुरक्षित अवस्थेत गेलं, म्हणजे गरजेपुरती कामं सोडून बाकी सगळं त्याने थांबवलं. पुढचे फोटो येईपर्यंत मी दर तासाला संगणक बघत होतो. आले तेव्हा होस्टेलच्या खोलीत एकटाच ओरडलो.

ही रांग झाली कशी, हे कुणी सांगेल का?

भूशास्त्रवेडा

यावर एकमत नाही. दोन मुख्य विचार आहेत.

पहिला, आयापेटस पूर्वी फार वेगाने फिरायचा. तो आजही पूर्ण गोल नाही. ध्रुवांकडे दबलेला आहे, दोन दिशांच्या व्यासांत जवळपास ७० किलोमीटरचा फरक. इतका चपटेपणा सुमारे १६ तासांत स्वतःभोवती फिरणाऱ्या गोळ्याला शोभेल, ७९ दिवस घेणाऱ्याला नाही. म्हणजे तरुणपणी वेगात असताना तो गोठला आणि पुढे वेग उतरला तरी आकार तसाच राहिला. वेग उतरताना कवच आक्रसलं आणि मधोमध वळी पडली, असं काहींचं म्हणणं.

दुसरा विचार मला जास्त पटतो. आयापेटसला स्वतःचं कडं किंवा छोटा चंद्र होता. शनीपासून इतक्या लांब असल्यामुळे तो ते सांभाळू शकला. कालांतराने त्या चंद्राचे तुकडे झाले, कडं झालं, आणि ते हळूहळू खाली पडत गेलं. कडं विषुववृत्ताच्या पातळीत असतं, म्हणून ढीगही बरोबर विषुववृत्तावरच साचला. इतर चंद्रांवर असली रांग का नाही, याचं उत्तर यात मिळतं.

उत्तर कसबा

दुसरा विचार ऐकायला गोड आहे, पण चंद्राचा चंद्र आपण आजवर एकही पाहिलेला नाही. न पाहिलेल्या वस्तूवर एवढा डोंगर रचायचा? मला पहिलाच बरा वाटतो. चपटेपणा निदान मोजता येतो.

भूशास्त्रवेडा

मान्य. पण पहिल्या विचारात वळी इतकी अरुंद आणि इतकी सरळ का, हे नीट सुटत नाही. कवच आक्रसलं तर सुरकुत्या इकडेतिकडेही पडायला हव्यात. रांगेवर विवरं भरपूर आहेत, म्हणजे ती फार जुनी आहे एवढं मात्र दोन्ही बाजूंना मान्य आहे. तुम्ही पहिला धरा, मी दुसरा धरतो. पुढचं यान जाईपर्यंत आपल्या दोघांनाही वाट बघायची आहे.

उत्तर कसबा

चालेल. आणि आधी "गाजावाजा कशाला" म्हणालो ते मागे घेतो.

होटगीकर

तिथून शनी कसा दिसत असेल? हा विचार डोक्यातून जाईना.

परदेशी सोलापूरकर

आपल्या पौर्णिमेच्या चंद्राच्या जवळपास चौपट रुंद! आणि गंमत म्हणजे शनीचे बाकीचे मोठे चंद्र कड्यांच्याच पातळीत फिरतात, त्यामुळे त्यांना कडी कायम धारेवरून, एका रेघेसारखी दिसतात. आयापेटसची कक्षा सुमारे १५ अंशांनी कललेली आहे. मोठ्या चंद्रांपैकी कडी उघडी दिसणार ती फक्त इथूनच. शनीकडच्या बाजूला उभं राहिलं तर शनी आकाशात एकाच जागी टांगलेला, आणि ७९ दिवसांत कडी हळूहळू उघडताना, मिटताना दिसणार.

बाईंचा वर्ग

हे उद्या वर्गात सांगणार.

गच्चीवरची, एक विनंती. पुढच्या वेळी आयापेटस पश्चिमेला येईल तेव्हा मुलींना गच्चीवरून दाखवाल का? पंधराएक जणी आहेत. आणि चाळीस दिवसांनी पुन्हा, तो दिसत नाही तेव्हाही. ते दुसरं मला जास्त हवंय. प्रत्येकीने वहीत जागा काढायची आणि तिथे काही नाही असं स्वतःच्या अक्षरात लिहायचं.

गच्चीवरची

बाई, नक्की. तारीख काढून व्यक्तिगत निरोपात कळवते. जिना अरुंद आहे, पाच-पाच जणी वर येऊ दे. वह्या, पेन्सिली आणि लाल कागद लावलेल्या बॅटऱ्या आणा, पांढऱ्या बॅटरीने डोळे दिपतात. पूर्वेच्या खेपेला जमलं तर एक रात्र नान्नजला नेऊ. मामाला आत्ताच फोन केला. त्या आठवड्यात रात्रीची लाईट असेल तर तो जागाच असणार म्हणाला, आणि विचारलं, "त्यो लपणारा तारा आता कुठवर आलाय?"

मागवाला

ताई, मी पण येऊ का? मुलाला घेऊन येईन. मुलींना बसायला चादरी मी आणतो.